सातव्या प्रश्नाचं ‘नाही’

हॅलिफॅक्स, ३ फेब्रुवारी १९५८

प्रिय हेस्टरमावशी,

आधी बातमी, मग बाकीचं. मला दिवस गेलेत. तिसरा महिना चालू आहे, सप्टेंबरच्या सुरुवातीला मोकळी होईन असं डॉक्टर म्हणतात. सकाळी उलट्या होतात, दुपारी रडू येतं आणि संध्याकाळी डेस्मंड येतो.

माझा नवरा सायकलवरून घरोघर फिरतो आणि लोकांना आगीची, मरणाची आणि जिन्यावरून घसरण्याची आठवण करून देऊन विम्याचे हप्ते गोळा करतो, हे तुला माहीत आहेच. घरी आल्यावर तीच आठवण तो मला फुकटात करून देतो. आमच्या रेडिओचा विमा आहे. लग्नात तू दिलेल्या चहाच्या सेटचाही आहे. मी आई होणार हे ऐकल्यावर त्याने मला जवळ घेतलं, कपाळावर ओठ टेकले आणि म्हणाला, “अगं, पण जुळी झाली तर?”

त्याच्या कंपनीत याचाही विमा मिळतो. चौथा महिना संपायच्या आत काढायचा, हप्ता एकदाच. जुळी झाली तर तीनशे पौंड हातात. एकच झालं तर कंपनी हप्ता गिळते आणि अभिनंदनाचं कार्ड पाठवते.

मी पोट धरून हसले. मग क्रॅबट्रीबाई आठवली आणि हसू आटलं. ही आमची घरमालकीण. तिच्या करारात स्वच्छ लिहिलंय : भाडेकरूंना एक मूल चालेल. बातमी सांगायला गेले तर चष्मा काढून माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, “एकच ना? रडण्यासाठी मी एक कान देऊ शकते बाई, दुसऱ्यावर मला झोपायचं असतं.” दोन झाली तर घर सोडावं लागणार. नव्या घराची अनामत, दोन पाळणे, सगळंच दोन, आणि डेस्मंडचा पगार मात्र एक. खूपदा बेरीज करून पाहिली मावशी. बसत नाही.

अर्जात नऊ प्रश्न आहेत. सातवा असा : ‘अर्जदार स्त्री, तिचा नवरा, दोघांचे आईवडील किंवा भावंडं यांच्यापैकी कोणी जुळं जन्मलं आहे का?’ सासूबाई म्हणतात, आमच्याकडे फक्त छातीचे विकार जन्मतात. माझ्या बाजूने विचारायला आता आई नाही, बाबा नाहीत, तूच एक आहेस. उलट टपाली कळव.

तुझी,
थेल्मा

ता. क. बाबागाडी पसंत केली आहे, पण दुकानातच ठेवलीय. बाळाआधी ती घरात आणायची नाही, असं आई म्हणायची.


ब्रिडलिंग्टन, ६ फेब्रुवारी

प्रिय थेल्मा,

अभिनंदन. यकृत खा, पाय वर ठेवून बस आणि शेजारणींचं काही ऐकू नकोस.

विम्याबद्दल माझं मत तू विचारलं नाहीस, म्हणून देते. पोटातल्या जिवावर पैज लावायची आणि वर सही करायची, याला आमच्या चॅपेलमध्ये जुगार म्हणतात. गेल्या वर्षी सरकारने आपल्या बक्षिसी रोख्यांची पहिली सोडत काढली तेव्हा आमचे पाद्री सलग तीन रविवार त्यावर बोलले होते. मी तेहतीस वर्षं शाळेत भागाकार शिकवला. देवाने एक द्यावं की दोन, याचा भाव लंडनमधला कारकून ठरवतो, हे गणित माझ्या डोक्यात शिरत नाही.

आता सातवा प्रश्न. आपल्या घरात माणसं एकेकटी जन्मली आणि बरीचशी एकेकटीच राहिली. माझंच उदाहरण घे. तेव्हा बेधडक ‘नाही’ लिही.

पोट किती दिसतं? तिसऱ्याच्या मानाने जास्त तर नाही ना? उगाच आपलं विचारते.

सोबत एक अंगडं पाठवते. लोकर उरली म्हणून दुसरंही केलं.

तुझी मावशी,
हेस्टर


हॅलिफॅक्स, १३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

झालं एकदाचं. काल चहाच्या टेबलावर समारंभ पार पडला. अर्जदार म्हणून मी सही केली, नवरा म्हणून डेस्मंडने, साक्षीदार म्हणून डेस्मंडने आणि एजंट म्हणूनही डेस्मंडनेच. तिसऱ्या सहीला बिचाऱ्याचा हात दुखायला लागला. सातव्या रकान्यात त्याने छापील अक्षरात ‘नाही’ लिहिलं आणि वर शाई टिपून घेतली. आज सकाळी अर्ज लंडनला गेला. कालपर्यंत छातीवर दगड होता, आज जरा खाली सरकलाय.

अंगडी सुंदर आहेत. दोन्ही एकाच मापाची, एकाच रंगाची. उरलेल्या लोकरीत इतकं बसतं? मला सांग कुठून घेतेस ते.

तुझी,
थेल्मा


ब्रिडलिंग्टन, १५ फेब्रुवारी

थेल्मा,

तो अर्ज परत मागव. टपालात असेल तर टपालातून, कंपनीत पोचला असेल तर कंपनीतून. डेस्मंडला म्हणावं, मावशीला पटत नाही. हप्ता बुडाला तर मी भरून देईन.

कारण विचारू नकोस. जुगार तो जुगारच. तुझ्या आईला हे चाललं नसतं.

हेस्टर


हॅलिफॅक्स, २ मार्च

प्रिय मावशी,

पॉलिसी आली. लाल लाखेचा शिक्का आहे. डेस्मंडने ती बायबलमध्ये ठेवली, तुला बरं वाटावं म्हणून.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, “तुझ्या मावशीच्या घराचा आगीचा विमा मीच उतरवलाय. आग लागावी म्हणून पैज लावली होती का तिने?” उत्तर तुला सुचलं तर कळव.

आणि आईचं नाव मध्ये आणू नकोस. आईला काय चाललं असतं ते मला माहीत आहे. घरात एक जास्तीचा पाहुणा आला तरी ती बटाटे मोजायची आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायची. मला कधी कळलं नाही का ते. तिला हा विमा फार आवडला असता.

थेल्मा


हॅलिफॅक्स, ११ जुलै

प्रिय मावशी,

चार महिने मी लिहिलं नाही, तूही नाही. आपण दोघी एकाच हट्टी घराण्यातल्या. आता मीच हार मानते, कारण माझ्याच्याने एकटीने हे पेलवत नाही.

दोन आहेत.

दोन आठवड्यांपूर्वी सुईणीने पोटाला कान लावला, मग दुसरीकडे लावला, मग खुर्ची ओढून बसली. “नवऱ्याला बोलवा,” म्हणाली. मला वाटलं गेलं सगळं. इस्पितळात क्ष-किरणाचा फोटो काढला. दोन डोकी, एक वर, एक खाली, पाठीला पाठ लावून रुसल्यासारखी. डेस्मंड इस्पितळाच्या पायऱ्यांवर नाचला. खरंच नाचला. एका नर्सने त्याला दम भरला.

क्रॅबट्रीबाईने त्याच संध्याकाळी नोटीस दिली. ऑगस्टअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. मी रडले नाही. डेस्मंडने गिब्बेट स्ट्रीटवर एक लहानसं घर बघून ठेवलंय, मागे अंगण आहे. अनामत भरायला विम्याचे पैसे आले की झालं. मी रोज सकाळी उठून बायबल उघडते आणि पॉलिसी जागेवर आहे ना ते बघते. तुझे पाद्री खूश होतील.

क्ष-किरणाचा फोटो असला की जन्माआधीही दावा करता येतो. त्यासाठी कंपनीला नवराबायकोचे जन्मदाखले हवेत, आणि तेही पूर्ण लांबीचे. माझ्याकडे नोकरीसाठी काढलेला छोटा दाखला होता, तो त्यांना चालत नाही. म्हणून मोठ्याची नक्कल मागवली, ती काल आली. गंमत ऐक. जन्मतारखेच्या खाली वेळही लिहिलीय : ‘पहाटे चार वाजून वीस मिनिटे.’ डेस्मंडच्या दाखल्यावर नुसतीच तारीख. तो म्हणाला, “तुझे वडील रेल्वेत सिग्नलवर ना? मग बरोबर. त्या माणसाने तुलासुद्धा वेळापत्रकात बसवलं!” आम्ही दोघं केवढे हसलो. बाबा डोळ्यांसमोर उभे राहिले. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला खिशातलं घड्याळ काढून दाखवत असतील.

सोमवारी सगळे कागद लंडनला जातील. मावशी, आता तरी रुसवा सोड. मला फार भीती वाटते.

तुझी,
थेल्मा


ब्रिडलिंग्टन, १२ जुलै
(तातडीचे टपाल)

माझ्या पोरी,

सोमवारी काहीही पाठवू नकोस. हे पत्र आधी वाच, बसून वाच.

आपल्या देशात जन्मदाखल्यावर वेळ लिहितात ती एकाच कारणासाठी. एका बाळंतपणात एकाहून जास्त मुलं झाली, तर कोण आधी कोण नंतर हे कळावं म्हणून. तुझ्या बापाचं घड्याळ यात कुठेच नाही. लंडनमधला कुठलाही विमा कारकून ती ओळ बघेल आणि चष्मा न पुसता ओळखेल.

तुम्ही दोघी होतात.

साल एकतीस. तुझ्या बापाला, वॉल्टरला, सिग्नलच्या केबिनमधून काढून हमाली दिली होती, तीही आठवड्यातले तीन दिवस. तुझी आई अशक्त होती, दूध एकीलाच पुरत नव्हतं. डबाबंद दूध, दुसरं पांघरूण, जास्तीचा कोळसा. तूही तीच बेरीज केलीस, मला पत्रातून ओळखू आली. तेव्हाही ती बसली नाही. आमच्या चॅपेलमधल्या ओळखीने लिंकन शहरातलं एक जोडपं मिळालं. किराण्याचं दुकान, मूलबाळ नाही, माणसं सज्जन. मीच शोधलं. मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला सगळ्या गणितांची उत्तरं येत होती. बाळ सहा आठवड्यांचं असताना मीच गाडीने लिंकनला नेऊन दिलं. वाटभर ते झोपलं होतं. रडलं असतं तर कदाचित मी परत फिरले असते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगते.

तुझ्या आईने, आयव्हीने, माझ्याकडून वचन घेतलं की तुला कधी कळता कामा नये. त्यानंतर ती माझ्याशी चांगली वागली, फक्त माझ्या हातात पुन्हा कधी तिने तुला दिलं नाही.

तिचं नाव आम्ही नोरा ठेवलं होतं. त्यांनी बदललं असेल. युद्धात ते लोक लिंकन सोडून गेले, माझं नाताळचं कार्ड परत आलं. पुढचं मला माहीत नाही. हे खरं सांगते, आता काही लपवलेलं उरलं नाही.

फेब्रुवारीत ‘नाही’ लिही म्हणून कळवलं, ते वचनामुळे असं म्हणायला मला आवडलं असतं. लाज वाटली म्हणून कळवलं. अर्ज गेल्याचं वाचलं तेव्हा घाबरले, आणि जुगाराचं नाव पुढे केलं.

हेस्टर


हॅलिफॅक्स, १६ जुलै

मावशी,

तुझं पत्र डेस्मंडने वाचलं. मग पॉलिसी काढली, चष्मा लावला आणि पाठीमागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या. घरात जुळी असतील तर कंपनी विमा नाकारत नाही, मावशी. हप्ता चार पौंडांनी वाढवते. फक्त चार पौंड. खोटं लिहिलं तर मात्र सगळं रद्द, आणि लिहिणारा एजंट असेल तर त्याची नोकरी.

त्याने दाखला खिडकीपाशी उजेडात धरला. म्हणाला, “तो चारवीसचा आकडा किती फिकट आहे नाही? चहा सांडला असं…” आणि मग स्वतःच थांबला. तीन सह्या करणारा माणूस, पण एक डाग पाडायची त्याची हिंमत नाही. मला तेव्हा त्याच्यावर फार प्रेम आलं आणि फार रागही.

आम्ही खरं लिहून पाठवतो आहोत. तू मोठेपणा देऊ नकोस. पकडले गेलो तर तो सायकलसकट रस्त्यावर येईल, हे एक कारण. दुसरं माझं स्वतःचं : सातव्या रकान्यात मी तिला ‘नाही’ लिहिलं. तुम्ही एकदा तिला घालवलंत, मी दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा माझ्याच्याने व्हायचं नाही.

मला इतक्यात लिहू नकोस.

थेल्मा


हॅलिफॅक्स, २ ऑगस्ट

मावशी,

कंपनीचं उत्तर आलं. ‘आपल्या प्रामाणिकपणाची कंपनी मनापासून कदर करते,’ आणि म्हणून पॉलिसी रद्द. हप्ता परत दिला, त्यातून शिक्क्याचा खर्च कापून. डेस्मंडला साहेबाने बोलावलं, अर्धा तास उभं ठेवलं, नोकरी ठेवली. पण सायकल काढून घेतली. आता तो कचेरीत बसून दुसऱ्यांच्या हप्त्यांची पाकिटं फोडतो. पगार कमी. गिब्बेट स्ट्रीटचं घर गेलं.

हे सगळं मी पचवलं असतं. तुला लिहितेय ते काल घडलं त्याबद्दल.

सटक्लिफबाई आली होती. चॅपेलमध्ये पुढच्या बाकावर बसते, नवऱ्याची लोकरीची गिरणी आहे, मूल नाही. आल्याचा केक घेऊन आली. माझे सुजलेले पाय स्टुलावर ठेवले, उशी दिली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, “तुमचं बस्तान बसेपर्यंत हो. एक आमच्याकडे राहील. तुझंच असेल, रोज येऊन बघ. फक्त बस्तान बसेपर्यंत.”

मावशी, ती चांगली बाई आहे. दुष्ट असती तर मी केक तिच्या टोपीवर फेकला असता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या पोटात दोघंही एकदम हलली आणि मला आधी काय सुचलं सांगू? की तिच्या घरात ऊब असेल.

मी डेस्मंडकडे बघितलं. तो केककडे बघत होता. मी दहापर्यंत मोजलं. मग तो म्हणाला, “चहा घेणार ना?”

ती गेल्यावर मी विचारलं, “तू बोलला का नाहीस?”

“तात्पुरतंच म्हणत होती गं.”

“लिंकनवालेही तेच म्हणाले असतील.”

“मी हो म्हटलं का?”

“नाही कुठे म्हणालास?”

त्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. वाईट माणूस नाही तो. बाबाही नव्हते. तूही नसशील. मला याचीच भीती वाटते, की कोणीच वाईट नाही आणि तरीही एक दिवस हे घडेल. मी बाळंतपणाने थकलेली असेन, क्रॅबट्रीबाई खाली सामान काढत असेल, कोणीतरी प्रेमाने हात पुढे करेल, आणि मी देऊन टाकेन.

म्हणून विचारते. तुझी मागची खोली. हल शहरातल्या शाखेत कारकुनाची एक जागा आहे, डेस्मंडने अर्ज केलाय, तुझ्याकडून तिथे आगगाडीने रोज ये-जा होते. मी तुला माफ केलेलं नाही. ते पुढे कधीतरी बघू. आत्ता मला खोली हवी आहे.

थेल्मा


ब्रिडलिंग्टन, ६ ऑगस्ट

थेल्मा,

खोली रिकामी आहे. म्हणजे काल दुपारी केली.

मागच्या खोलीत नऊ वर्षं टॅटर्सॉलसाहेब राहत होते. सेवानिवृत्त अबकारी अधिकारी, सकाळी बरोबर साडेतीन मिनिटांचं अंडं लागतं. त्यांना सांगितलं की भाची येतेय, जागा हवी.

“किती दिवसांसाठी, मिस पिकर्सगिल?”

“दोघं स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत.”

“म्हणजे चालायला लागेपर्यंत?”

“नोकरीला लागेपर्यंत.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “दोघं?” म्हणाले. मी म्हटलं, हो, आमच्या घराण्यात होतात. पहिल्यांदाच हे वाक्य मोठ्याने बोलले. सत्तावीस वर्षं जिभेला सवय नव्हती, अडखळले. ते आता पलीकडच्या गल्लीत राहायला गेलेत आणि माझ्याबद्दल सगळ्यांना सांगताहेत. सांगू देत.

शनिवारी या, तीनची गाडी. क्रॅबट्रीबाईची मुदत संपायची वाट बघू नका. बाबागाडी दुकानातच राहू दे, इथे दोघांची मिळते, ती मी चौकशी करून ठेवलीय. आणणार मात्र नंतरच.

डेस्मंडवर फार रागावू नकोस. त्याला माझ्याकडे सोड, मी त्याला भागाकार विसरायला लावीन. इथेही केक घेऊन येणाऱ्या बायका आहेत. समुद्रकाठच्या जास्तच प्रेमळ असतात. त्या आल्या की तू वर माडीवर राहा. खाली मी असेन. एवढं एक काम माझ्याकडे दे.

तू लिहितेस की कोणी वाईट नसतानाही ते घडतं. घडतं. तुझ्या आईने त्या दिवशी शाल गुंडाळता गुंडाळता तीनदा सोडली आणि पुन्हा गुंडाळली. कोणीतरी उंबऱ्यात आडवं उभं राहायला हवं होतं. उंबऱ्यात मीच होते. दार मी उघडून धरलं होतं.

हेस्टर